मामांचा नावाडी

आमच्या घरमालकांनी जागा भाड्यानं देण्याआधी माझी जशी मुलाखत घेतली, तशी पुढे पुण्यात नोकरी देतानाही कुणी घेतली नाही. तंजावूरला मेलवीदी नावाच्या रस्त्यावर त्यांचं घर होतं. खालच्या दोन खोल्या रिकाम्या, वर ते आणि त्यांची बायको. ते जिन्याखाली वेताच्या खुर्चीत बसले होते आणि मी समोर उभी. भाडं किती देशील, अनामत किती, जागा कशाला हवी, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "तुज काय काय येतं गे?"

मी तेव्हा तिशीच्या आतबाहेर होते आणि अंगात हौस दांडगी होती. मी भराभर सांगत सुटले. टायपिंग येतं, शिवण येतं, हिंदीच्या परीक्षा दिल्यात, काचेवर चित्रं काढते, हिशेब जमतो, दोन वर्षं व्हायोलिन शिकले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतकं? मग येतं काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जागा गेली खड्ड्यात, असं मनाशी म्हणून मी वळलेच होते. मला फोनचा बूथ टाकायचाय हे त्यांच्या बायकोला आधीच कळलं होतं. तेवढ्यात वरून तिचा आवाज आला, "द्या तिला. खाली फोन होईल. हैदराबादला पोराशीं बोलायला मज एवढं लांब चालायला नक्को." अशी ती जागा मला मिळाली. मालकांना मी मामा म्हणू लागले आणि त्यांच्या बायकोला मामी. पण त्या प्रश्नाचा राग माझ्या मनात बरेच महिने होता, आणि खरं सांगायचं तर त्या रागामुळेच मी त्यांच्याकडे नीट पाहू लागले.

मामा आणि मी, आम्ही दोघंही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, असं पिढ्यान् पिढ्या चाललेलं. देवनागरी वाचता येत होती ती मला हिंदीमुळे. मराठी लिहायला मी शिकले पुण्याला आल्यावर. त्यामुळे मामा बोलायचे ते मी इथे कानावर भरवसा ठेवून लिहिते आहे.

त्यांना जे काही लागे ते एक लागे. न्हावी एक, शिंपी एक, कॉफीची पूड दळून देणारा एक. न्हावी एकदा मुलीच्या लग्नासाठी गावी जाऊन बसला, तर मामा केस वाढवून हिंडले. रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात पाऊल टाकलं नाही. मोजणी खात्यातून ते निवृत्त झाले होते. रोज सकाळी बसस्टँडजवळच्या हॉटेलात रवा रोस्ट, म्हणजे कुरकुरीत रवा डोसा, खायचे. हॉटेलवाल्यानं दुरुस्तीसाठी दुकान बंद ठेवलं, तेव्हा मामा रोजच्या वेळी चालत गेले, बंद दारासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि उपाशी परत आले. मामी ओरडल्या, तर म्हणाले, "खायला नाही मिळालं, म्हणून जाणं सोडायचं कां?"

ते दिवस तर अशा माणसाची परीक्षा बघणारे होते. सगळीकडे नवं येत होतं. ज्या गल्लीत एक गाडी नव्हती तिथे स्कूटर कर्जावर मिळू लागल्या, साबणाचे दहा प्रकार, शीतपेयांचे फलक, घराघरांवरून केबलच्या वायरी. मामींच्या हट्टानं वर रंगीत टीव्ही आला आणि त्याच्यावर पुष्कळ चॅनेल. मामा त्यातलं एकच बघायचे. त्यावर मुंग्या दिसत असल्या तरी तेच. मामी डोक्याला हात लावायच्या.

मी पुढच्या खोलीत एस.टी.डी. बूथ टाकला होता. मागच्या खोलीत व्हिडिओ गेमची दोन मशीनं ठेवायची कल्पना माझ्या नवऱ्याची. तो तिरुच्चीला नोकरीला, आठवड्याला येणार. म्हणजे कल्पना त्याची आणि खपणं माझं. एक मशीन मोटारीच्या शर्यतीचं, दुसरं मारामारीचं. त्या मारामारीच्या मशीनला पोरं नुसतं 'सण्डै' म्हणायची, म्हणजे भांडण. टोकन टाकलं की पडद्यावर आठ लढवय्ये यायचे, त्यातला आपला एक निवडायचा आणि बाकीच्या सातांशी एकेक करून लढायचं, नाहीतर शेजारी कुणी उभा राहिला तर त्याच्याशी. त्यांची इंग्रजी नावं कुणी घेत नसे. लष्करी कपड्यातला तो मिलिटरी, दोन पंखे घेतलेली ती अक्का, मुंडी खाली घालून धावून येणारा तो बैल. आणि एक म्हातारा नावाडी होता, हातात वल्हं घेतलेला. त्याला पोरं तात्ता म्हणायची, आजोबा. तो सगळ्यांत संथ. त्याला कुणीही घेत नसे.

मामा पहिल्यांदा मागच्या खोलीत आले ते पंखा आवाज करतो का ते बघायला. पंख्याखाली उभे राहिले, म्हणजे नेमके मशीनच्या उजव्या बाजूला. पोरांनी चेष्टेनं म्हटलं, "मामा, तुम्ही खेळा." मामांनी खिशातून टोकन नव्हे, चिल्लरच काढली, मी हसून एक टोकन दिलं. पडद्यावर आठ चेहरे आले. मामा हात बांधून उभे. पडद्यावरचे वेळेचे आकडे उतरत उतरत शून्यावर आले आणि मशीननं आपणहून नावाडी त्यांच्या पदरात टाकला, कारण उजवीकडच्या खेळाडूची निवडायची चौकट सुरुवातीला त्याच्यावरच असायची. मामा अर्ध्या मिनिटात हरले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आले.

पुढे कित्येक महिने असंच चालू होतं. संध्याकाळी मामी दिवा लावायच्या वेळेला मामा खाली यायचे, उजवीकडे उभे राहायचे, टोकन टाकून हात बांधायचे आणि नावाडी आला की दांडी धरायचे. मला वाटायचं, त्यांनी तो निवडलाय. एकदा मी म्हटलं, "मामा, कधीतरी दुसरा घेऊन बघा. दांडी हलवली की चौकट सरकते."

मामा माझ्याकडे बघतच राहिले. "सरकते?"

मी सरकवून दाखवली. मिलिटरी, अक्का, बैल, आणखी चौघं. त्यांचा चेहरा असा झाला की मला माझीच जीभ चावावीशी वाटली. त्यांना वाटत होतं, मशीन माणूस बघून लढवय्या देतं. पोरांना चपळ देतं, त्यांना नावाडी दिला. "म्हणजे हा माझा म्हणूनु येत नव्हता?" त्यांनी विचारलं. ते न खेळताच जिना चढून गेले.

दोन दिवस खाली आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला आले, टोकन टाकलं, आणि हात बांधून उभे राहिले. आकडे उतरले. नावाडी आला. मामा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघ, मी हात लावलों नाही. तरी तोच आला."

जिन्यातून मामींचा आवाज आला, "मज बघायला आले होते, तेव्हांही असेच हात बांधून बसले होते. वर बघिट्लेच नाहीत." पोरं खिदळली. मामांच्या चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही, ते बैलाशी लढत होते.

आता त्यांच्या खेळाविषयी सांगायला हवं, कारण पुढे सगळं त्याच्यावर आलं. सुरुवातीला मामा हरायचे, हरायचे आणि हरायचे. मग हळूहळू त्यांना त्या नावाड्यात एक गोष्ट सापडली, जी आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. दांडी मागे ओढून धरली आणि खालचं बटण दाबून ठेवलं, तर नावाडी वल्हं जमिनीत रोवून उभा राहतो. अगदी त्या वेळी कुणी मारायला आलं, तर मार त्याच्यावरच उलटतो. पण थांबावं लागतं. हे थांबणं पोरांच्या बापजन्मात जमलं नसतं. मामांना ते आपोआप जमलं. मिलिटरी उड्या मारतोय, लाथा झाडतोय, आणि मामांचा म्हातारा वल्हं रोवून उभा. मग मिलिटरी एकदाचा अंगावर येई आणि आपटे. पोरं ओरडायची, "तात्ता!"

वर्षभरात तिथल्या बहुतेकांना ते हरवू लागले. पण मिलिटरीला उडी कशी मारायला लावतात हे विचारा, मामांना ठाऊक नाही. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "मज मिलिटरी कशाला माहीत पाहिजे? नावाड्यावर धावून येणारा मिलिटरी तेवढा मज माहीत अहे." बाकीची सातही त्यांना अशीच पाठ होती, फक्त नावाड्याच्या जागेवरून बघितलेली.

माझं उलटं. रोज सकाळी शटर उघडलं की मशीन नीट चालतं का बघायला मी आठही जणांना एकेक डाव फिरवून बघायची. कुणाची कुठली खोड आहे, कुणाचा हात कुठे पोचतो, सगळं मला थोडं थोडं येई. कुणातही मी पहिली नव्हते, पण कुणीही दिला तरी अगदीच वाया जात नसे. मामांच्या लेखी हे काहीच नव्हतं. बूथमध्ये गिऱ्हाईक नसलं की आमचा वाद जुंपायचा.

"एकालाच धरून बसलात आणि तो हरायला लागला, मग?" मी विचारायची.

"मग त्याच्याबरोबर हरायचं."

"पण जिंकणारा शेजारीच उभा असताना?"

"तो शेजारचा अहे ना गे. आपला नव्हे."

एकदा वल्लमकडच्या इंजिनीअरिंग कॉलेजातला एक मुलगा यायला लागला. हुशार. एका डावात हरला की दुसऱ्या डावात दुसरा लढवय्या घ्यायचा, तिसऱ्यात तिसरा. मामांशी दोनदा हरला आणि तिसऱ्यांदा अक्काला घेऊन जिंकला. अक्काचे पंखे वल्ह्यावरून पलीकडे पोचतात, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. मामा त्याला तमिळमध्ये म्हणाले, "तू जिंकला नाहीस, माणसं बदलत राहिलास." तो मुलगा हसून म्हणाला, "मामा, मी हरलो की कारण शोधतो. तुम्ही हरलात की दुसरं टोकन शोधता." मला ते उत्तर फार आवडलं. मामांनाही आवडलं असावं, कारण त्यांनी त्याला वर नेऊन कॉफी पाजली. मात्र दुसऱ्या दिवसापासून टोकनं तितकीच आणि नावाडी तोच.

असं सगळं सुरळीत चालू असताना तिरुच्चीहून मशीनवाला आला. आमची मशीनं त्याच्याकडूनच भाड्यानं घेतलेली. त्याच्याकडे नवं सण्डै मशीन आलं होतं. सोळा लढवय्ये, चित्रं अशी की बघत राहावं. जुनं परत द्यायचं आणि नवं घ्यायचं. कोपऱ्यावरच्या कॅसेटच्या दुकानानंही त्याच्याकडे मागणी केली होती. मी नाही म्हटलं तर मशीन तिकडे आणि पोरं मशीनच्या मागोमाग. खोलीत तिसरं मशीन मावत नव्हतं. मी सोमवारी पाठवायला सांगितलं.

नव्या सोळांत नावाडी नव्हता. मी मुद्दाम विचारलं होतं.

मामांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. ते मालक. 'नको' म्हणाले असते तर मी काय करणार होते? शनिवारी दुपारी मी वर गेले आणि एका दमात सांगून टाकलं. मामी पोळ्या लाटता लाटता थांबल्या. मामा म्हणाले, "नव्यांत कुणी वल्हं घेतलेला नाही?"

"नाही मामा. पण सोळा आहेत. बसेल की कुणीतरी हातात."

"नक्को गे. नवा माणूस जमवायला आतां मज तेवढा वेळ नाही." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, मोजणीचा आकडा सांगावा तसं. त्या माणसाला हैदराबादला मुलगा होता, मामी होत्या, घर होतं. पण दिवसातली एक गोष्ट त्याची स्वतःची होती आणि ती मी व्हॅनमध्ये घालून पाठवणार होते.

"घर माझं अहे," ते म्हणाले. "मी नक्को म्हणलों तर तुज ऐकावं लागेल. पण धंदा तुझा. त्यांत मी पडणार नाही. मज जिंकून मागूं दे. उद्यां तीन डाव. मी जिंकलों, तर जोवर चालतं तोवर तें मशीन राहूं दे."

"आणि मी जिंकले तर?"

"व्हॅन येऊं दे. दार मी धरतों."

शहाण्या बाईनं नाही म्हटलं असतं. कोपऱ्यावरचं दुकान डोळ्यांसमोर होतं, नवऱ्यानं फोनवर दोनदा बजावलं होतं. पण 'मग येतं काय' हे वाक्य माझ्या कानात अजून होतं, आणि एकदा त्यांना दाखवावं असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. मी म्हटलं, "ठरलं."

रविवारी संध्याकाळी मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. इंजिनीअरिंगचा तो मुलगा आला होता, कॉफीपूडवाला आला होता, आणि मामी आजवर पहिल्यांदाच जिना उतरून मागच्या खोलीत आल्या होत्या. त्यांच्यासाठी बूथमधलं स्टूल आणलं. मामा इस्त्रीचा सदरा घालून उजवीकडे उभे राहिले. मी डावीकडे.

पहिल्या डावाला मी बैल घेतला. जोरात सुरुवात करावी आणि त्यांना थांबूच देऊ नये, असा माझा बेत. मामांनी मला असं आपटलं की बैलाची लाज वाटली. ते नुसते उभे होते. धावले मी आणि पडलेही मीच. दुसऱ्या डावाला मी अक्का घेतली, लांब उभी राहिले आणि पंख्यांनी वल्ह्यावरून टोचत राहिले. फारच थोड्यानं जिंकले. कॉलेजचा मुलगा टाळी वाजवून थांबला, कारण मामींनी त्याच्याकडे बघितलं.

आता एकच डाव उरला. आठ चेहरे पडद्यावर आले. मामा सवयीप्रमाणे हात बांधून उभे. पुन्हा अक्काला घ्यावं, तर तिचा डाव त्यांनी आत्ताच पाहून ठेवलेला. दोनदा त्याच जागी फसणारे ते नव्हते. बाकीची सगळी तर त्यांना पाठच होती. माझी चौकट फिरत होती आणि आकडे उतरत होते. मला काही थोर सुचलं असं नाही. उरला होता तोच एक, आणि रोज सकाळी मी त्यालाही एक डाव फिरवत होतेच. शिवाय दोन वर्षं बूथच्या काचेतून मामांचे हात बघितले होते. मी चौकट नावाड्यावर नेली आणि बटण दाबलं.

मागची पोरं पडद्याजवळ सरकली.

"हें चालतं?" मामांनी विचारलं.

"चालतं मामा. मशीन देतं की दोघांना." पडद्यावर दोन नावाडी आले होते. त्यांचा नेहमीचा, तांबड्या लुंगीतला. माझा तसाच, फक्त लुंगी हिरवी.

मामांनी दोन वर्षांत नावाडी समोर कधी पाहिला नव्हता. मशीनशी खेळताना बाकीचे सात यायचे, आपलाच आपल्यासमोर यायचा नाही. आणि माणसांपैकी तर त्याला कुणी हात लावत नसे. डाव सुरू झाला. मामांनी लगेच दांडी मागे ओढून वल्हं रोवलं. मीही रोवलं. आता जो आधी हलेल तो मरणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. दोन म्हातारे वल्ही रोवून एकमेकांकडे बघत उभे. आकडे उतरत होते. पोरांना आधी हसू आलं, मग कंटाळा, मग कुणीतरी ओरडलं, "अडिंग मामा!" मारा म्हणून. मामा हलले नाहीत. मीही नाही.

"चालव की त्यास," मामा म्हणाले.

"तुम्ही आधी."

"मी नाही. तूं चालव. मज बघूं दे."

"मामा, मी मारीन."

"मार."

मला वाटलं, मला फसवायचा डाव आहे. तरी आकडे संपत आले होते, म्हणून मी वल्हं उपटलं आणि नावाडी एक पाऊल पुढे चालवला. मामांनी मारलं नाही. मी आणखी दोन पावलं चालवला. तेव्हा बघते तर मामांचे दोन्ही हात मशीनवरून खाली आले होते आणि ते पडद्याजवळ वाकले होते.

"हा लंगडतो?" त्यांनी विचारलं.

मला प्रश्नच कळेना. नावाडी लंगडतो हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. डावा पाय ओढत चालायचा तो, पहिल्या दिवसापासून. "हो मामा. लंगडतोच की."

"मज वाटलं, माझे हात मंद," मामा म्हणाले. "दोन वर्षं मज वाटलं, मी म्हातारा म्हणूनु तो सावकाश चालतो." मग माझ्याकडे न बघता, "मी कधीं त्याच्याकडे बघिट्लोंच नाही. जो मारायला येतो त्याच्याकडेच डोळे. चालव गे. तिकडे वळव."

मी वळवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला मामांचा भयंकर राग आला होता, दोन्ही एकदमच. "हात ठेवा मशीनवर," मी ओरडले. "असं मला जिंकायचं नाही." मामांनी ऐकलंच नाही. नावाडी वल्हं कसं उचलतो, खांद्यावरून कसं फिरवतो, मारल्यावर श्वास घ्यायला कसा टेकतो, हे ते तोंड उघडं टाकून बघत होते. तोच मार त्यांच्या तांबड्या लुंगीवर पडत होता आणि पडद्यावरची त्यांच्या जिवाची पट्टी संपत होती. मामी स्टुलावरून म्हणाल्या, "अहो, हरताय तुम्ही." मामा म्हणाले, "कळतं मज. बघूं दे." शेवटचा फटका मी मारला, कारण तोवर मलाही कळलं होतं की त्यांना तोही बघायचा आहे.

सोमवारी व्हॅन आली. मामांनी सांगितल्याप्रमाणे दार धरलं. मशीन चढवल्यावर ड्रायव्हरला विचारलं, कुठे नेणार? तो म्हणाला, पापनाशमला, बसथांब्याजवळ एकानं दुकान काढलंय. मामांनी मान हलवली आणि ते वर गेले.

नवं मशीन जोरात चाललं. मामा त्याच्याकडे फिरकले नाहीत. दिवेलागणीला जिन्यावर पाऊल वाजत नसे, आणि मला दर संध्याकाळी ते न वाजलेलं ऐकू यायचं. मी जिंकले होते, धंदा राहिला होता, आणि मला कुणाचं तोंड बघावंसं वाटत नव्हतं. मामींना विचारलं, तर म्हणाल्या, "बसतात. टीव्ही बघतात. त्याच्यावर मुंग्या अहेत."

पुढच्या रविवारी सकाळी बूथसमोर रांग होती. रविवारी लांबच्या फोनचा दर कमी, म्हणून अख्खं मेलवीदी त्या दिवशी आपल्या पोराबाळांशी बोलून घ्यायचं. आठवड्याचा धंदा माझा त्या एका दिवसात व्हायचा. मामा जिना उतरून आले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. रांगेच्या कडेनं पुढे येऊन काचेवर बोट वाजवलं. मी दार उघडलं.

"गुरुवारी पापनाशमला जाऊन आलों," ते म्हणाले. "अहे तिथे. चांगला ठेवलाय. दोन टोकनं खेळलों."

"मग? जिंकलात?"

"जिंकलों. पण एकट्यानं खेळलं की तो दिसत नाही गे मज." छत्री या हातातून त्या हातात घेतली. "तिथे कुणी त्यास घेत नाहीत. मी विचारट्लों, हंसतात. तूं येतेस?"

रांगेतला एकजण घड्याळ बघत होता. मी त्याला म्हटलं, कोपऱ्यावर दुसरा बूथ आहे. मग मी शटर खाली ओढलं, चपला घातल्या, आणि आम्ही दोघं बसस्टँडकडे निघालो.